साडेचार लाखांचे डिझायनर स्पीकर खरंच तेवढ्या किमतीचे असतात का?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितेय. आम्ही गंगापूर रोडला नवीन फ्लॅट घेतलाय, दिवाळीच्या आधी राहायला जातोय. आई आमच्याकडेच असते, तिने ३४ वर्षं गाणं शिकवलं, अजूनही संध्याकाळी दोन-तीन मुली येतात तिच्याकडे. तिच्याजवळ एक अख्खी पत्र्याची पेटी भरून कॅसेट आहेत, रेडिओवरून उतरवून घेतलेल्या मैफली, तिच्या बाईंच्या तालमी, शिवाय शंभर-दीडशे सीडी. आजपर्यंत सगळं टू-इन-वनवर ऐकलं, तो गेला तेव्हापासून मोबाईल आणि ती ब्लूटूथची डबी. त्या डबीतून तानपुरा वाजायला लागला की मला अगदी वाईट वाटतं, आई काही बोलत नाही पण पाचव्या मिनिटाला बंद करते.

म्हणून ठरवलं की बाकी फर्निचर नंतर बघू, नवीन घरात एक चांगली म्युझिक सिस्टिम घ्यायचीच. आमची इंटिरियरवाली मुंबईला एका शोरूममध्ये घेऊन गेली, तिथे बँग अँड ओलुफसेन या डॅनिश कंपनीचे स्पीकर दाखवले. काय सुंदर वस्तू आहेत हो, ॲल्युमिनियमवर असा हात फिरवत राहावंसं वाटतं, पुढे कापड, लाकडी पट्ट्या, एक वायर दिसत नाही. त्यांनी पियानो आणि एक इंग्रजी गाणं लावलं, मी अक्षरशः हरखून बाहेर पडले. मग कोटेशन आलं, जोडी, स्टँड आणि बसवून देण्याचे धरून ४ लाख ६० हजार. आमच्या मनात दोन, फार तर अडीच होते.

नवऱ्याचं म्हणणं, घ्यायचे तर घेऊ पण आपण नेमके कशाचे पैसे देतोय ते तरी कळू दे. तेच मला तुम्हाला विचारायचंय. आवाज खरंच तेवढ्या पटीने चांगला असतो का, का अर्धे पैसे दिसण्याचे आहेत? आणि दहा वर्षांनी या वस्तूचं काय होतं? हॉल ११ बाय १६ फूट, उंची साडेनऊ, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, बाल्कनीकडे मोठं सरकतं काचेचं दार. गाणं नव्वद टक्के शास्त्रीय, त्यातही गायनच जास्त.

ध्वनीवेडा_पुणे

मृण्मयी, तू खोलीची मापं दिलीस हे फार बरं केलंस, बहुतेक लोक फक्त मॉडेल नंबर विचारतात. मी पंधरा वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतोय, तर आधी तुझ्या हॉलबद्दल सांगतो आणि मग स्पीकरबद्दल, कारण स्पीकर कुठलाही आणलास तरी तो याच हॉलमध्ये वाजणार आहे.

आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरी नेमक्या बसतात ते सूर खोली स्वतःच फुगवते. ११ फुटांच्या रुंदीत पहिला असा सूर येतो ५१-५२ हर्ट्झला, दुसरा १०३ च्या आसपास. १६ फुटांच्या लांबीत ३५, ७०, १०६. आता आईंचा तानपुरा कुठल्या पट्टीत लागतो ते बघ. बायकांची काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी) धरली तर खर्ज, म्हणजे सर्वात खालची तार, येतो १०४ हर्ट्झला, म्हणजे तुझ्या हॉलची लांबी आणि रुंदी दोन्ही नेमक्या त्याच जागी घुमणार. पुरुष गायकाची काळी एक असेल तर खर्ज ६९, तो लांबीच्या ७० वर बसतो. म्हणजे सोफा भिंतीला चिकटवून बसलीस तर साडेचार लाख देऊनसुद्धा खर्जाची तार सुटली की खोलीभर नुसतं भूंऽऽ होईल आणि वरचा गळा त्यात बुडेल. त्यात भर टाइल्स आणि काच यांची, म्हणजे टाळी वाजवली तरी टणटण परत येणार. शोरूममध्ये जाड गालिचा होता ना? भिंतींवर कापडाचे पॅनल होते ना? तू जे ऐकलंस त्यात त्या खोलीचा मोठा वाटा आहे.

दुसरं, डोळे. फ्लॉईड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी स्पीकर ऐकण्याच्या चाचण्यांवर आयुष्य घातलंय, टूल आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये होते मग दोघं हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत. १९९४ साली त्यांनी तेच स्पीकर त्याच लोकांना एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दिसत असताना ऐकवले. एक छोटासा स्वस्त सेट होता, पडद्याआड त्याला छान गुण मिळाले, तोच समोर दिसल्यावर गुण घसरले, आणि दिसायला भारदस्त मोठ्या स्पीकरचे वाढले. आणि ही माणसं त्याच कंपनीत काम करणारी, म्हणजे स्पीकर त्यांना नवे नव्हते. त्यामुळे तू हरखलीस यात तुझं काही चुकलं नाही, कान एकटे ऐकतच नाहीत.

तिसरं, शोरूमवाला दुसरा स्पीकर लावताना आवाज किंचित वाढवतो का ते बघ. एका डेसिबलने मोठं वाजलं तरी आपल्याला ते 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं.

माझं मत सरळ सांगतो. दीड लाखापर्यंत स्पीकर आणि ॲम्प्लिफायर, २५-३० हजार खोलीवर, म्हणजे जाड गालिचा, काचेवर वजनदार पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्यात शोरूमच्या फार जवळ पोचशील. आणि कोटेशनमध्ये स्पीकर केबलचे वेगळे पैसे लावले असतील तर ते खुशाल काट. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळे असतील तर इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चार-पाच मीटरला पुरून उरते, तिचा विरोध ०.०५-०.०७ ओहम, स्पीकरचा आठ, त्यात ऐकू येण्यासारखा फरक पडायला जागाच नाही.

फोंडेकार

वरचं सगळं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल पण एक दुसरी बाजू मांडतो, कारण मी घेतलेत आणि मला एकदाही पस्तावल्यासारखं झालेलं नाही. मी आर्किटेक्ट, फोंड्याला घर आहे. आधी माझ्याकडे मोठ्या काळ्या पेट्यांचा सेट होता, आवाजाला खरंच उत्तम, पण तो बायकोने आणि मी मिळून ठरवून मागच्या खोलीत ठेवलेला कारण हॉलमध्ये त्या पेट्या आणि वायरींचा गुंता नको वाटायचा. परिणाम काय, तर सात वर्षांत मी तिथे जाऊन किती वेळा बसलो असेन, महिन्यातून एकदा, तेही एकटा. २०१९ ला लाकडी पायांवर उभा असतो तसा गोल स्पीकर घेतला, हॉलमध्ये खिडकीजवळ ठेवला, आणि त्या दिवसापासून घरात रोज गाणं वाजतं. सकाळी आई अभंग लावते, मुलगी शाळेतून आली की तिचं काहीतरी, रात्री आम्ही. पेट्या जास्त अचूक होत्या हे मी आजही मान्य करतो, पण त्या बंद खोलीत पडून होत्या.

आणि वस्तू म्हणून बघा ना. पैठणी कोणी ऊब मिळावी म्हणून घेत नाही, आणि तरी तिचे पैसे वाया गेले असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही, कारण पदर विणणाऱ्याच्या हाताचे पैसे आपल्याला दिसतात. ॲल्युमिनियमची एक सलग नळी मिलिंग करून तिला ॲनोडाइज करणं, रंग सगळीकडे एकसारखा येणं, हे काम काय असतं ते मला साइटवर खिडक्यांच्या सेक्शनमध्ये रोज दिसतं, साध्या खिडकीलासुद्धा दोन लॉटमध्ये रंग जुळत नाही. रोज डोळ्यांसमोर राहणारी वस्तू नीट घडवलेली असावी असं वाटणं ही माझ्या मते चैन नाही.

मृण्मयीताई, फक्त एवढंच बघा की आईंना ते स्वतः लावता येतंय का. आमच्या आईला ॲप जमत नव्हतं, वरती हात फिरवला की आवाज कमी-जास्त होतो हे मात्र तिला दोन मिनिटांत जमलं. तिच्यासाठी त्या वस्तूची किंमत तिथेच वसूल झाली.

डेन्मार्ककर

मी ऑर्हूसला राहतो, नऊ वर्षं झाली, तर डॅनिश म्हटल्यावर लिहिणं भाग आहे :) बँग अँड ओलुफसेनचं गाव स्ट्रुअर इथून गाडीने दीड-दोन तासांवर आहे, लिमफ्योर्डच्या काठावर, छोटंसं गाव. तिथल्या म्युझियममध्ये यांच्या जुन्या वस्तूंचा मोठा विभाग आहे, मी दोनदा जाऊन आलोय. १९२५ मध्ये पीटर बँग आणि स्वेन ओलुफसेन या दोन पोरसवदा इंजिनिअरांनी ओलुफसेनच्या घरच्या वाड्याच्या माळ्यावर सुरुवात केली, पहिली चाललेली वस्तू म्हणजे रेडिओ बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालवायचं उपकरण. जानेवारी १९४५ मध्ये नाझींच्या इथल्या हस्तकांनी फॅक्टरी उडवून दिली, ती त्यांनी पुन्हा उभी केली. हे सांगतोय कारण 'नुसती दिसण्याची कंपनी' असं म्हणणं अन्यायाचं होईल. क्लास डी ॲम्प्लिफायर, म्हणजे कमी तापणारे आणि छोट्या जागेत मावणारे, त्यावर यांनी १९९९ मध्ये आइसपॉवर नावाची वेगळी कंपनीच काढली आणि ते मॉड्यूल नंतर इतर कितीतरी ब्रँडच्या पेट्यांत गेले. २०१५ चा बिओलॅब ९० तर एक स्पीकर १३७ किलोचा, आत १८ ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे-मोठे कोन, आवाज अरुंद झोतात सोडायचा की सगळीकडे पसरवायचा ते बटणावर बदलतं, म्हणजे ध्वनीवेडा यांनी सांगितलेल्या खोलीच्या त्रासावरच ते काम करतात. अर्थात त्याची किंमत साडेचार लाखांच्या कितीतरी पुढे.

पण ताई, तुमच्या 'दहा वर्षांनी काय' या प्रश्नाचं उत्तर मला इथल्या जुन्या बाजारात मिळालं. डेन्मार्कमध्ये कुठल्याही घरात आजोबांच्या वेळचा यांचा एखादा रेडिओ नाहीतर रेकॉर्ड प्लेयर निघतो, रविवारच्या बाजारात ते मांडलेले असतात. याकोब येन्सनने डिझाइन केलेला बिओग्राम ४००० हा १९७२ चा रेकॉर्ड प्लेयर, त्याचा हात कमानीत न फिरता सरळ रेषेत सरकतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९७८ मध्ये यांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. आणि २०२० मध्ये कंपनीने या मालिकेतले जुने ९५ प्लेयर परत मिळवले, उघडले, दुरुस्त केले, पॉलिश केले आणि नव्याने विकले. जवळजवळ पन्नास वर्षांनी! हे जमलं कारण आत मोटर, पट्टा, सुई, सर्किट होतं, जे माणसाला उघडून बघता येतं.

आता वायरलेस स्पीकरमध्ये आत एक कॉम्प्युटर असतो. माझ्याकडे एका कंपनीचा (ही नव्हे, दुसरी, नाव घेत नाही) महागडा स्ट्रीमिंग स्पीकर होता, सहाव्या वर्षी त्याचं ॲप नव्या फोनवर चालेना, स्पीकरचा कोन ठणठणीत, ॲम्प ठणठणीत, पण त्याला सांगायचं कसं की हे वाजव. मला फार लागलं ते. शेवटी एका मित्राने मागच्या लाइन-इनला, म्हणजे साधी वायर खुपसायच्या जागेला, तीस युरोची डबी लावून दिली म्हणून आज तो वाजतो, लाइन-इन नसतं तर टाकून द्यावा लागला असता. म्हणून दोन गोष्टी आत्ताच विचारून घ्या, एक, मागे साधी वायर जोडायची जागा आहे का, आणि दोन, आतला नेटवर्कचा भाग बदलून मिळतो का. बँग अँड ओलुफसेनने २०२१ च्या बिओसाउंड लेव्हलपासून तो भाग बदलता येईल असा करायला सुरुवात केली आहे, पण तुम्हाला दाखवलेल्या मॉडेलचं लेखी विचारा.

मृण्मयी_नाशिक

बापरे, एवढं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आई काळी चारमध्येच गाते!! मी तिला तो १०४ चा आकडा वाचून दाखवला तर म्हणाली, "आपल्या जुन्या घरातल्या माजघरातही खर्ज असाच अंगावर यायचा, म्हणून मी ओसरीत बसून शिकवायचे." म्हणजे तिला हे आकड्यांशिवाय माहीत होतं.

फोंडेकार, तुमचं वाचून मी परत तिकडे झुकले, खरं सांगते. लाइन-इनचं शोरूमला विचारलंय. आता आईच्या गाण्यासाठी म्हणून ऐकताना नेमकं काय ऐकायचं ते कोणी सांगेल का? आम्हाला घरी आणून ऐकवायला ते तयार झालेत.

मिरजेचा_तंतू

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या तानपुरे होतात, मी स्वतः जवारी काढायला, म्हणजे तार झंकारावी म्हणून घोडी घासून बसवायला, बसतो, तर मला स्पीकरमधलं काही कळत नाही पण तानपुरा कुठे मरतो ते कळतं, तेवढंच लिहितो.

तानपुऱ्याची तार घोडीच्या सपाट माथ्यावरून जाते, मध्ये आम्ही सुताचा धागा सरकवतो. धागा बरोबर जागी आला की तार घोडीला चाटत चाटत कंप पावते आणि एका सुरातून वरचे कितीतरी सूर उमलतात. खर्जाच्या तारेत तुम्हाला गंधार ऐकू आला पाहिजे, तो कोणी छेडत नाही, तो आपोआप निघतो. आता तुमच्या त्या डबीत काय होतं, मूळ खर्ज गायब असतो आणि जवारीचा नुसता करकर भाग उरतो, मधमाशी डबीत कोंडल्यासारखा. आई पाचव्या मिनिटाला बंद करतात ते त्यामुळे. उलट काही मोठ्या स्पीकरवर खर्ज ढोलासारखा येतो पण वरचा गंधार फुलत नाही, जवारी बंद झालेल्या तानपुऱ्यासारखं, आम्ही त्याला मुका म्हणतो. चांगल्या स्पीकरवर तार सुटल्यावर सूर आधी बाहेर येतो, मग उघडत जातो, मग विरतो, आणि पुढची तार येईपर्यंत मागची संपत नाही. तुम्ही नुसता तानपुऱ्याचाच ट्रॅक दहा मिनिटं लावा, गाणं नको. दहा मिनिटांनी डोकं शांत असेल तर स्पीकर ठेवा, कंटाळा किंवा ठणका आला तर परत पाठवा, मग तो कितीचाही असो.

आणि डग्गा, तबल्याच्या जोडीतला डावा. घिस्सा घेतल्यावर, म्हणजे तळहात घासत नेल्यावर, सूर खालून वर सरकतो ना, तो सरकताना मध्येच एका जागी मोठा होऊन परत लहान होत असेल तर ती तुमची खोली बोलतेय, वरच्या दादांनी सांगितलं तेच.

हे आईंनाच ऐकू द्या. तुम्ही विचारू नका की कसं वाटतं, फक्त त्या किती वेळ बसतात ते बघा.

लॅमिंग्टन_काका

मुली, मी चाळीस वर्षं ॲम्प्लिफायर आणि स्पीकर उघडतोय, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून कमी केलंय. माझं म्हणणं दुरुस्तीच्या टेबलावरून आहे. माझ्याकडे आलेले १९७०-८० मधले साध्या लाकडी पेटीतले स्पीकर आज वाजतायत, त्यांना फार तर कोनच्या कडेचा फोम नवा लागतो, मुंबईच्या दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत चुरा होतो, रबराची कड असेल तर त्याहून खूप टिकते. म्हणून घेताना कड रबराची आहे का ते बोटाने बघायचं. स्पीकर वेगळा आणि ॲम्प वेगळा असला की ॲम्प गेला तर ॲम्प बदलतो, स्पीकर तसाच राहतो. सगळं एकाच सुंदर कवचात असलं आणि वळवाच्या पावसात एक वीज पडून पॉवर सप्लाय गेला की अख्खा डोलारा कुरिअर करून पाठवा आणि तीन महिने वाट बघा, असं माझ्या दोन गिऱ्हाईकांचं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. काहीही घेतलंस तरी आधी घरचं अर्थिंग तपासून घे आणि चांगला सर्ज प्रोटेक्टर लाव.

दुसरं, पेटीतल्या कॅसेटबद्दल. रेडिओवरून उतरवलेलं म्हणजे मीडियम वेव्हवरचं ना? त्यात पाच हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काही नसतंच, आणि सगळं मोनो. त्या पेटीसाठी उंची ट्विटर (वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा कोन) आणि स्टिरिओची जादू विकत घेऊन उपयोग नाही, तिथे मधला पट्टा, जिथे माणसाचा गळा असतो, तो खरा लागला पाहिजे. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या बाहेरच्या कार्यक्रमांच्या गाड्यांत बसवायला एलएस ३/५ ए नावाचा एवढासा स्पीकर केला, फूटभर उंच, माणसाचा आवाज बरोबर येतोय का ते तपासायला. आजही लायसन्स घेऊन तो बनवतात आणि लोक गाण्यासाठी तोच शोधत फिरतात. त्याच घराण्याचे, साध्या पेटीचे, बरेच बरे स्पीकर तुझ्या बजेटच्या आत मिळतील. सीडीसाठीही तेच चालतील.

मृण्मयी_नाशिक

तीन आठवड्यांनी परत लिहितेय, राहायला आलो आणि सगळं झालं. कोणाला उपयोग होईल म्हणून नीट सांगते.

शोरूमवाल्यांनी डॅनिश जोडी दोन दिवस ठेवायला दिली. पुण्याच्या एका दुकानातून काकांनी सांगितल्यासारखे छोट्या लाकडी पेटीचे स्पीकर आणि ॲम्प डिपॉझिट भरून आणले, दोन्ही मिळून १ लाख ३५ हजार. नवऱ्याने मोबाईलवर मोजून दोन्हींचा आवाज सारखा केला, मध्ये आईच्याच दोन पातळ ओढण्या दोरीवर टाकल्या. मी बदलत होते, आई डोळे मिटून बसलेली. पहिली फेरी जुन्या जागी, सोफा भिंतीला, फरशी उघडी, तर दोन्हीही तिला नको वाटले!! "दोन्हीकडे खर्ज डोक्यात जातोय" म्हणाली. मग सोफा अडीच-तीन फूट पुढे ओढला, सासूबाईंनी सोलापूरहून आणलेली मोठी सतरंजी आणि वर गालिचा टाकला, काचेवर पडदे लावले. त्यानंतरचा फरक कोणत्याही दोन स्पीकरमधल्या फरकापेक्षा मोठा होता, हे मी शपथेवर सांगते.

मग तानपुऱ्याची दहा मिनिटं, मिरजेच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे. छोट्या पेट्यांवर ती तेवीस मिनिटं बसली, मी घड्याळ बघत होते. मध्येच हळू आवाजात षड्ज लावला तिने, तोंडातल्या तोंडात, तिला स्वतःला कळलंही नसेल. डॅनिशवर अकरा-बारा मिनिटं, "छान आहे, पण गंधार लांबून येतो" असं म्हणाली. गळ्याच्या पाच तुकड्यांत चारदा तिने छोट्या पेट्याच निवडल्या. पण हेही खरं की दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी काम करत होते आणि डॅनिश वाजत होते तेव्हा आवाज घरभर सारखा पसरत होता, छोट्या पेट्यांसमोर बसावं लागतं, बाजूला गेलं की तेवढी मजा नाही. फोंडेकारांच्या घरी रोज सगळे उठता-बसता ऐकतात, तिथे तोच बरोबर आहे हे मला तेव्हा पटलं. आणि परत न्यायला माणूस आला तेव्हा मला जिवावर आलं, खोटं कशाला बोलू, त्या कोपऱ्यात तो इतका शोभत होता.

आम्ही पेट्या घेतल्या. आई समोर बसून ऐकते, मुली आल्या की त्याही समोर बसतात, आमच्या घरात ऐकणं असंच होतं.

आता पुढचं. काकांच्या भरवशावर एक जुना कॅसेट डेक घेतलाय पण पहिलीच कॅसेट लावली तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतोय. स्पीकर तर चांगले आहेत, मग हे काय?

लॅमिंग्टन_काका

छान केलंस. आता घाबरू नकोस, आणि ती बाईंच्या तालमीची कॅसेट अजिबात लावू नकोस, आधी बाजारातली एखादी टाकाऊ कॅसेट घे. झाकण उघड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने हेड, म्हणजे टेप ज्याला घासत जाते तो धातूचा भाग, पूस, तपकिरी निघेल, काडी पांढरी राहीपर्यंत पूस, रबराचा गोल रोलरही. तरी घोंगडी राहिली तर हेडचं ॲझिमथ, म्हणजे टेपशी असलेला त्याचा कोन, हललंय. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला एक बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून तो अगदी पाव-पाव फिरवायचा, जिथे 'स' आणि 'श' सर्वात स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेट ज्या मशिनवर भरली त्याचं ॲझिमथ वेगळं, म्हणून हे प्रत्येक वेळी करावं लागेल. पट्टा सैल असेल तर सूर डुलेल, तो आईंना लगेच कळेल, मग पट्टा बदल.

आणि जुन्या टेपची एकदाच नीट वाजण्याची ताकद उरलेली असते कधीकधी. म्हणून पहिल्यांदा लावशील तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घे, कुठलाही आवाज साफ करायच्या भानगडीत न पडता, जसा येतो तसा.

मृण्मयी_नाशिक

'स' आणि 'श' साठी आईला शेजारी बसवते काका. रविवारी करतो आणि सांगते.